दिव्याच्या पोटातला काळा डाग

नौपाड्यातली सकाळ दुधाच्या पिशव्यांनी सुरू होते. गोखले रोडवरच्या दुकानांची शटर्स अजून खाली असतात, स्टेशनकडे निघालेल्यांची पावले मात्र वाजू लागलेली असतात, आणि दाराच्या कडीला अडकवलेल्या कापडी पिशवीत अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी गारठून बसलेली असते. रात्रभर ती ओल्या क्रेटमध्ये इतर पिशव्यांवर घासलेली असते, टेम्पोत आदळलेली असते. तरी तिच्यावरचा रंग जागचा हललेला नसतो. घरातले कोणीतरी ती धुते, कात्रीने कोपरा कापते आणि दूध पातेल्यात ओतते. रंगाकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि जायचे काही कारणही नाही.

पण एकदा गंमत म्हणून साध्या कोऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीवर दौतीतल्या शाईने आपले नाव लिहून पाहावे. अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखे शाईचे मणी होतात आणि वाळल्यावर बोट फिरवले की नाव गायब! मग दुधाच्या पिशवीवरचा रंग टिकतो कसा?

याचे उत्तर मला काही वर्षांपूर्वी वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा कारखान्यात मिळाले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्याच्या पहिल्यावहिल्या वसाहतींपैकी ही एक. आज तिथे काचेच्या इमारती आणि संगणकाची कार्यालये दिसतात. पण आतल्या गल्ल्यांतून यंत्रांचा आवाज अजून येतो. त्या कारखान्यात पॉलिथीनची लांबच लांब फिल्म रिळावरून सुटून छपाईकडे जात होती, आणि वाटेत ती एका धातूच्या पट्टीखालून सरकत होती. पट्टी आणि फिल्म यांच्यामध्ये जांभळा उजेड थरथरत होता. वीज पडून गेल्यावर हवेला येतो तसा वास सुटला होता. पुढे एक कारागीर हातातल्या पेनाने फिल्मवर रेघ ओढून पाहत होता. रेघ सलग राहिली तर माल पुढे जायचा, तिचे थेंब झाले तर पुन्हा त्या पट्टीखालून. डाइन किती आहे, असे तिथली मंडळी एकमेकांना विचारतात. अडतीसच्या वर असले की छपाईवाला खूश.

त्या जांभळ्या उजेडाला कारखान्यात करोना म्हणतात. २०२० नंतर हा शब्द काढला की ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते, पण या करोनाचा त्या साथीशी काही संबंध नाही. विजेच्या दाबाखाली हवेच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात, मागे विद्युतभारित कण उरतात, आणि अशा सुट्या झालेल्या कणांच्या मिश्रणाला प्लाझ्मा म्हणतात. योगायोग असा की त्याच २०२० साली प्लाझ्मा हा शब्दही घरोघरी पोहोचला, पण तो रक्तातला. विजेच्या नळीतल्या वायूला हे रक्तातले नाव १९२८ साली ज्या माणसाने दिले, त्या अर्व्हिंग लँगम्यूरची ही कथा. रसायनशास्त्र घेऊन पदवीला बसलेल्यांना त्याचे नाव अधिशोषणाच्या धड्यात भेटलेले असेल. परीक्षेपुरते पाठ केलेल्या त्या नावामागे केवढा विचित्र आणि केवढा मोठा माणूस होता, हे तो धडा सांगत नाही.

लँगम्यूर ३१ जानेवारी १८८१ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात जन्मला. चार भावांतला तिसरा. वडील विमा व्यवसायात होते आणि त्यांच्या कामामुळे कुटुंब तीन वर्षे पॅरिसला राहिले. आईवडिलांनी मुलांना एक सवय लावली होती. जे पाहाल ते बारकाईने पाहा आणि लिहून ठेवा, हा घरचा दंडकच होता. यातला विरोधाभास असा की अर्व्हिंगला लहानपणी नीट दिसतच नव्हते! त्याची नजर अधू आहे हे तो अकराएक वर्षांचा होईपर्यंत कोणाच्या ध्यानात आले नाही. चष्मा लागला, आणि झाडाला सुटी सुटी पाने असतात हे त्याला एकदम दिसले. पुढे आयुष्यभर हा माणूस जिथे जाईल तिथे अधाशासारखा पाहत राहिला, त्याचे मूळ मला तरी त्या चष्म्यात दिसते. थोरला भाऊ आर्थर रसायनशास्त्रज्ञ होता. त्याच्या मदतीने अर्व्हिंगने झोपण्याच्या खोलीच्या कोपऱ्यात एक छोटी प्रयोगशाळा थाटली.

१९०३ साली त्याने कोलंबिया विद्यापीठातून धातुशास्त्राची पदवी घेतली आणि मग जर्मनीत गटिंगेनला जाऊन १९०६ साली डॉक्टरेट मिळवली. तिथला विषय तापलेल्या तारेजवळ वायूंचे काय होते, हा. ही तापलेली तार त्याला जन्मभर सोडणार नव्हती. मायदेशी परतल्यावर न्यू जर्सीतल्या स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमध्ये तीन वर्षे शिकवले. तासांचा रगाडा इतका की संशोधनाला वेळ उरत नसे. आपल्याकडच्या महाविद्यालयांतल्या अनेक गुणी प्राध्यापकांना हे वाचून आपलीच आठवण यावी.

१९०९ च्या उन्हाळी सुटीत तो स्केनेक्टडी गावी जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत चार-सहा आठवडे काम करायला म्हणून गेला आणि १९५० मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. प्रयोगशाळेचे प्रमुख विलिस व्हिटनी हे एक अजब साहेब होते. आल्या आल्या त्यांनी लँगम्यूरला कोणतेही काम नेमून दिले नाही. सगळ्या खोल्यांतून फिर, काय चालले आहे ते पाहा आणि जे आवडेल ते घे, एवढेच सांगितले.

त्या वेळी कंपनीपुढे एक दुखणे होते. विल्यम कूलिज या तिथल्याच संशोधकाने टंगस्टन या हट्टी धातूची बारीक तार ओढण्याची युक्ती नुकतीच साधली होती. दिवे उजळ झाले. पण काही काळ जळल्यावर काचेच्या आतल्या बाजूला काळा थर बसायचा आणि उजेड मंदावायचा. ज्यांनी पिवळ्या दिव्यांचा काळ पाहिला आहे त्यांना हा डाग आठवेल. फ्यूज गेलेला दिवा कानाशी हलवून पाहताना तो दिसायचा. सगळ्या जाणकारांचे मत एकच होते. दिव्यात थोडी हवा राहून जाते, तिच्यामुळे हे होते, तेव्हा हवा आणखी काढा, निर्वात आणखी चांगला करा.

लँगम्यूरने उलटा रस्ता धरला. निर्वात आणखी चांगला करणे आज जमत नसेल, तर मुद्दाम एकेक वायू आत सोडून काय बिघडते ते तरी पाहू, असा त्याचा हिशेब. इथून पुढची सुमारे तीन वर्षे तो दिव्याच्या पोटात हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, पाण्याची वाफ असे काय काय सोडत बसला. त्याच्या लक्षात आले की तापलेल्या दिव्यातून इतका वायू निघतो आहे की तो तारेत मावणेच शक्य नाही. तारेच्या आकारमानाच्या कित्येक हजार पट! मग येतो कुठून? तर काचेतून. काचेच्या आतल्या पृष्ठभागाला चिकटलेली पाण्याची वाफ हळूहळू सुटत होती. ती तापलेल्या तारेवर आली की फुटायची. ऑक्सिजन टंगस्टनला पकडून काचेवर नेऊन बसवायचा, हायड्रोजनचे सुटे अणू मागोमाग जाऊन तो ऑक्सिजन सोडवायचे, पुन्हा पाणी तयार, आणि तेच पाणी पुन्हा तारेकडे! रहाटगाडग्यासारखा हा खेळ चालायचा आणि प्रत्येक फेरीत टंगस्टनचा एक घास काचेवर पडायचा.

इतके सापडल्यावर दुसरा कोणी थांबला असता. लँगम्यूरने वाफ पूर्ण काढून टाकली, तरीही काच काळी पडतच होती. मग त्याने मान्य केले की हवेचा किंवा वाफेचा यात दोष नाही; चांगल्या निर्वातात टंगस्टन स्वतःच उडून जातो, उन्हात कापूर उडावा तसा. तेव्हा निर्वात सुधारणे हा उपाय नव्हताच. उपाय होता तो दिव्यात वायू भरण्याचा, म्हणजे उडालेला अणू वायूच्या गर्दीत आपटून परत तारेवर येईल. पण वायू भरला की तार थंड पडते. त्यावर त्याने तारेभोवती वायूचा एक निश्चल थर असतो हे मोजून काढले, आणि तारेची घट्ट गुंडाळी केली तर ती त्या थरात दडून उष्णता राखते हे दाखवले. आधी नायट्रोजन, पुढे आर्गॉन. १९१३ साली हा दिवा आला, त्याला अर्ध्या वॅटचा दिवा म्हणत, कारण एका मेणबत्तीएवढ्या उजेडाला तो निम्मीच वीज खाई. आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरी जो पिवळा दिवा शंभर वर्षे जळला तो हाच. वायू भरलेल्या दिव्यातला काळा डाग वरच्या बाजूला, टोपणाजवळ गोळा व्हायचा, कारण गरम वायू वर चढताना टंगस्टन तिकडे घेऊन जायचा.

व्हिटनीसाहेबांविषयी अजून थोडे सांगायला हवे. या तीन वर्षांत लँगम्यूरने त्यांना एकदा स्पष्ट सांगितले होते की मला मजा येते आहे, पण यातून कंपनीचा काय फायदा होईल ते मला दिसत नाही. त्यावर साहेबांनी त्याला थांबवले नाही. रोज खोलीत डोकावून मजा चालली आहे ना, एवढी चौकशी ते करीत. या दिव्याने पुढे कंपनीला आणि ग्राहकांना मिळून किती पैसा वाचवून दिला याचा हिशेब अमेरिकेत वारंवार मांडला गेला. मला त्या रकमेपेक्षा तीन वर्षे वाट पाहणारा तो व्यवस्थापक मोठा वाटतो. आपल्या कारखानदारीच्या इतिहासात असे व्यवस्थापक किती झाले, हा प्रश्न वाचकांनी स्वतःच आपल्या नोकरीच्या अनुभवाला विचारून पाहावा.

दिव्याने लँगम्यूरला एक धडा दिला होता. जे घडते ते पृष्ठभागावर घडते. तारेच्या सालीवर, काचेच्या कातडीवर. तिथे वायूचा जो थर बसतो तो फक्त एका रेणूच्या जाडीचा असतो असे त्याने मांडले, आणि १९१७ साली तेच पाण्यावरच्या तेलाला लावून दाखवले. तेलाचा रेणू म्हणजे एक डोके आणि एक लांब शेपूट. डोक्याला पाणी आवडते, शेपटाला आवडत नाही. म्हणून पाण्यावर पसरलेल्या तेलाचे रेणू डोके पाण्यात आणि शेपूट हवेत करून, शाळेतल्या कवायतीसारखे दाटीवाटीने उभे राहतात. रेणू कसा उभा आहे, किती लांब आहे, हे त्याने एका उथळ तसराळ्यातल्या पाण्यावर पट्टी सरकवून मोजले!

इथे एका बाईंची आठवण केल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. हे तसराळे मुळात लँगम्यूरचे नव्हते. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावच्या अॅग्नेस पोकेल्स या घरकाम सांभाळणाऱ्या मुलीने, विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता त्या काळात, स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या तेलकट पाण्याकडे पाहून तसले साधन तयार केले होते. लॉर्ड रॅले यांच्या शिफारशीने १८९१ साली तिचे निरीक्षण लंडनच्या नेचर या पत्रात छापून आले. भांडी घासताना पाण्यावर तेलाचे तवंग आपल्याकडच्या किती बायकांनी पाहिले असतील! लँगम्यूरने तिची पद्धत सुधारली आणि पुढे नेली. त्याची सहकारी कॅथरीन ब्लॉजेट हिने हे थर काचेवर एकावर एक चढवण्याची कला साधली. १९३८ साली तिने असे ४४ थर बसवून अशी काच केली की तिच्यावर प्रकाश जवळजवळ परावर्तितच होत नव्हता. केंब्रिजमधून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवणारी ती पहिली स्त्री. तिचा थर बोटाने पुसला जाई, तेव्हा ती काच दुकानात आली नाही; पण आज चष्म्याच्या दुकानात न चमकणारी काच मागताना ज्या तत्त्वाचे आपण पैसे मोजतो ते तिथे डोळ्यांनी दिसले होते.

या कामासाठी, म्हणजे पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रासाठी, लँगम्यूरला १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता प्लाझ्माकडे. १९२० नंतरच्या दशकात तो पाऱ्याच्या वाफेतून वीज नेणाऱ्या नळ्यांच्या मागे लागला. त्या नळ्यांत एक बारीक तार खुपसून, तिच्यावर कमी-जास्त दाब देऊन, आतल्या इलेक्ट्रॉनांचे तापमान मोजण्याची रीत त्याने बसवली. जगभरच्या प्रयोगशाळांत आजही ती लँगम्यूर प्रोब या नावाने चालते. तीतून एक नवल बाहेर पडले. नळीला हात लावला तर ती जेमतेम कोमट, आणि आतले इलेक्ट्रॉन मात्र हजारो अंशांवर! इलेक्ट्रॉन इतके हलके की जड अणूंवर आपटूनही आपली उष्णता त्यांना देऊ शकत नाहीत. घरातल्या ट्यूबलाइटच्या पोटातही नेमके हेच चालते, आणि तरी ती हाताने काढता येते.

या झगमगत्या वायूला नाव काय द्यावे? त्याचा सहकारी हॅरोल्ड मॉट-स्मिथ याने पुढे सांगितलेली आठवण अशी की, या वायूतून इलेक्ट्रॉन आणि इतर कण वाहून नेले जातात ते पाहून लँगम्यूरला रक्तातल्या पेशी वाहून नेणारा द्रव आठवला. १९२८ च्या निबंधात त्याने प्लाझ्मा हा शब्द वापरला. तेव्हापासून डॉक्टर मंडळी आणि पदार्थविज्ञानाची मंडळी एकाच शब्दाने दोन वेगळ्या गोष्टी बोलत आहेत.

दुधाच्या पिशवीचे कोडे आता सुटते. पॉलिथीनचा रेणू म्हणजे लँगम्यूरच्या भाषेत नुसते शेपूट. डोके कुठेच नाही. म्हणून त्यावर शाई बसत नाही, गोंद धरत नाही. प्लाझ्मातले चपळ कण फिल्मच्या सर्वांत वरच्या सालीवर आदळतात, तिथले बंध तोडतात आणि हवेतला ऑक्सिजन त्या तुटक्या टोकांना येऊन चिकटतो. म्हणजे शेपटांवर डोकी लावली जातात! बदल होतो तो एका मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्श्याइतक्या जाडीत. खालचे प्लॅस्टिक जसेच्या तसे, वितळणे नाही की वाकडे होणे नाही, कारण मूळ वायू थंडच आहे. ही डोकी कायम टिकत नाहीत, दिवसामासाने पुन्हा आत वळतात, म्हणून फिल्मवर लगेच छपाई उरकावी लागते. कारागिराचे ते पेन त्यासाठी.

पोलादाचे उलटे. तिथे मऊपणा घालवायचा असतो. गिअरचे दाते बाहेरून कठीण आणि आतून चिवट हवेत. त्यासाठी पोलादाच्या सालीत नायट्रोजन मुरवतात. सायनाइडच्या क्षारांच्या वितळलेल्या कुंडात पोलाद बुडवणे ही त्याची एक जुनी रीत. ते कुंड आणि त्यातून निघणारे पाणी किती घातक, हे वेगळे सांगायला नको. प्लाझ्माच्या भट्टीत नायट्रोजन आणि हायड्रोजन हे साधे वायू पुरतात. निर्वात टाकीत गिअर ठेवून त्यालाच विजेचे ऋण टोक जोडतात. पाचशेएक अंशांवर, काही तास. झरोक्यातून पाहिले तर एकेका दात्याभोवती जांभळट प्रभा चिकटून बसलेली दिसते, जणू देव्हाऱ्यातली आरास. आपल्याकडे गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने १९९७ साली खास उद्योगांसाठी केंद्र काढले आणि अशा भट्ट्यांपासून अंगोरा सशाच्या निसरड्या लोकरीला सूत धरण्याजोगे खरबरीत करण्यापर्यंत अनेक कामे हाती घेतली. मोबाइलमधल्या चिपांवरची नक्षीदेखील प्लाझ्मानेच कोरलेली असते.

गंमत म्हणजे यांतला एकही धंदा लँगम्यूरने स्वतः काढला नाही. पोलादाच्या कामातले सुरुवातीचे एक पेटंट जर्मनीच्या बर्नहार्ड बर्घाउसचे, १९३० नंतरच्या दशकातले. लँगम्यूरच्या एका हातात पृष्ठभाग होता, दुसऱ्या हातात प्लाझ्मा; दोन्ही हात त्याने या कामी एकत्र आणले नाहीत. त्याच्या चरित्रातली ही मोकळी जागा मला नेहमी खुणावते. कदाचित त्याला तेव्हा दुसरेच काही दिसत असेल. १९२७ साली बोटीने अटलांटिक ओलांडताना समुद्रावर पाणवनस्पतींच्या लांब समांतर रांगा दिसल्या, तर वाऱ्याने पाणी कसे मळसूत्रासारखे फिरते याचा शोध त्याने लेक जॉर्जवर होडीत बसून लावला. वयाच्या पन्नाशीच्या सुमारास विमान चालवायला शिकला. डोंगर चढला, बर्फावर घसरला. रविवारसुद्धा मोकळा नाही!

माणूस म्हणून तो सोपा नव्हता. अणू एकमेकांशी इलेक्ट्रॉन कसे वाटून घेतात ही कल्पना गिल्बर्ट लुईस याची. लँगम्यूरने १९१९ नंतर ती वाढवली, तिला नावे दिली, व्याख्याने देत फिरला, आणि लोक ती त्याचीच समजू लागले. लुईसला हे लागले. त्याला नोबेल कधीच मिळाले नाही. एकाग्रतेच्या बाबतीत तर लँगम्यूर दंतकथाच होता. सकाळी घरी न्याहारी करून, हॉटेलात आहोत अशा समजुतीने, बायकोसाठी बशीखाली टीप ठेवून गेला, ही हकीकत कादंबरीकार कर्ट व्होनेगट खरी म्हणून सांगे. व्होनेगट त्याच कंपनीच्या प्रसिद्धी खात्यात नोकरीला होता, आणि १९६३ च्या कॅट्स क्रेडल या कादंबरीतला आपल्या शोधाने जगाचे काय होईल याची पर्वा नसलेला शास्त्रज्ञ त्याने लँगम्यूरवरूनच बेतला. हे चित्र थोडे अन्यायाचे आहे. पण पूर्ण खोटे नाही, हे पुढच्या प्रकरणावरून कळते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानाच्या पंखांवर बर्फ का धरतो हे शोधता शोधता लँगम्यूर आणि त्याचा सहायक व्हिन्सेंट शेफर ढगांपर्यंत पोहोचले. शेफर शाळाही पुरी न केलेला, यंत्रशाळेतून वर आलेला हुन्नरी माणूस. जुलै १९४६ मध्ये त्याने शीतपेटीत श्वास सोडून केलेल्या धुक्यात कोरड्या बर्फाचा खडा टाकला आणि क्षणात लाखो हिमकण चमकू लागले. १३ नोव्हेंबर १९४६ रोजी त्याने विमानातून खऱ्या ढगावर हाच प्रयोग केला. ढगातून हिमाचे पट्टे लोंबू लागले. खाली जमिनीवरून पाहणारा पासष्ट वर्षांचा लँगम्यूर हर्षाने वेडा झाला. कादंबरीकाराचा थोरला भाऊ बर्नार्ड व्होनेगट याने त्याच महिन्यात सिल्व्हर आयोडाइड शोधले. त्याच्या स्फटिकाची ठेवण बर्फासारखी, म्हणून थंड पाण्याचा थेंब त्याला बर्फ समजून त्यावर गोठू लागतो. पुन्हा पृष्ठभागच!

इथपर्यंत सगळे पक्के होते. पुढे पाय घसरला. १३ ऑक्टोबर १९४७ रोजी अटलांटिकवरच्या एका चक्रीवादळात कोरडा बर्फ टाकला गेला. वादळ वळले आणि जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरावर जाऊन आदळले. लोक खवळले. कोणीही अशा वेळी अंग काढून घेईल. लँगम्यूरने मात्र ते आपल्यामुळेच वळले असे अभिमानाने सांगितले! नंतरच्या अभ्यासात दिसले की वादळाने वळण आधीच घ्यायला सुरुवात केली होती. डिसेंबर १९४९ पासून न्यू मेक्सिकोत आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी सिल्व्हर आयोडाइडचा धूर सोडला जाऊ लागला, आणि तिथून कित्येक शे मैलांवरच्या पावसात लँगम्यूरला सात दिवसांचा ठेका ऐकू येऊ लागला. हवामानखात्याचे म्हणणे, असे ठेके पावसात अधूनमधून आपोआपही पडतात. त्याने ते मानले नाही. अखेरपर्यंत नाही.

आणि याच माणसाने १८ डिसेंबर १९५३ रोजी शास्त्रज्ञांच्या आत्मवंचनेवर एक व्याख्यान दिले. फसवणूक करायचा हेतू नसताना, प्रामाणिक आणि हुशार माणसे नसलेल्या गोष्टी कशा पाहतात, मोजमापाच्या काठावरच्या परिणामावर कसा जीव टाकतात, आक्षेपाला कशी ऐनवेळची उत्तरे काढतात, याची लक्षणे त्याने एकेक उदाहरण घेऊन सांगितली. फ्रान्समधल्या एन-किरणांपासून उडत्या तबकड्यांपर्यंत. आपल्या न्यू मेक्सिकोतल्या पावसाचा उल्लेख त्या यादीत नव्हता.

मला हे वाचताना हसू येत नाही, कारण तो पाऊस आपल्या दारी आलेला आहे. लँगम्यूर हयात असतानाच, १९५१ साली, टाटा उद्योगाने पश्चिम घाटात जमिनीवरून सिल्व्हर आयोडाइडचा धूर सोडून पाहिला होता. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी सोसला त्या महाराष्ट्रात १९७३ ते १९८६ या काळात पुण्याच्या उष्णप्रदेशीय हवामान संस्थेने बारामतीच्या परिसरात अकरा पावसाळे विमानातून ढगांवर मिठाची पूड टाकली. तिथे एक गोष्ट लँगम्यूरपेक्षा वेगळी केली. आज कोणत्या पट्ट्यात पेरायचे हे ढग पाहून ठरवायचे नाही, नाणे उडवल्यासारखे दैवावर सोडायचे, आणि मग पेरलेल्या आणि न पेरलेल्या भागांचा पाऊस ताडून पाहायचा. डोळ्यांसमोर पिके करपत असताना अर्धे ढग मुद्दाम सोडून द्यायला काळीज लागते. पण त्याशिवाय पेरल्यामुळे पडला की पडायचाच होता, हे कधीच कळत नाही. त्या प्रयोगात पाऊस सुमारे २४ टक्के वाढल्याचे हिशेबाने दिसले. याच संस्थेने २०१८ आणि २०१९ साली सोलापूरला तसाच काटेकोर प्रयोग केला. योग्य ढग असतील तिथे वाढ सुमारे १८ टक्के. नसलेले ढग आणता येत नाहीत. २००३ आणि २०१५ साली विमाने उडाली तेव्हा गावोगाव लोक आभाळाकडे डोळे लावून बसले होते, त्यांना हे आकडे आणि ही मर्यादा दोन्ही आधी सांगायला हवी होती, असे माझे मत आहे.

लँगम्यूर १६ ऑगस्ट १९५७ रोजी मॅसॅच्युसेट्समध्ये समुद्रकाठच्या वुड्स होल या गावी हृदयविकाराने गेला. तो पुतण्याकडे सुटीला आला होता. आत्मवंचनेवरचे त्याचे व्याख्यान त्याने स्वतः कधी छापले नाही. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलेले ते शब्द १९६८ साली, त्याच्यामागे अकरा वर्षांनी, त्याच्या जुन्या कंपनीनेच प्रसिद्ध केले.